हत्यार बदललं की दुखणं जागा बदलतं

पाम तोडणारी माणसं ओंडका फुकट देतात. त्यांना तो टाकायला पैसे पडतात, आपल्याला तो हवा असतो, व्यवहार जमतो. फुकटचं ते तिथपर्यंतच. चार फूट उंचीचा, फूटभर जाडीचा मेक्सिकन फॅन पामचा ताजा ओंडका ऐंशी किलोच्या घरात जातो, कारण त्यात लाकडापेक्षा पाणीच जास्त. ट्रक ड्राइव्हवेवर येतो, ओंडका धपकन खाली पडतो, ट्रक निघून जातो. मग तो गॅरेजपर्यंत कसा न्यायचा हे आपण, आपली कंबर आणि दोन चाकांची ढकलगाडी यांनी मिळून ठरवायचं.

मी सॅन डिएगोत असते. आठवडाभर एका कंपनीचे हिशेब बघते आणि सुटीच्या दिवशी टिकी कोरते. ज्यांनी टिकी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: पॉलिनेशियातल्या बेटांवर देवांच्या आणि पूर्वजांच्या लाकडी-दगडी मूर्ती असतात, बटबटीत डोळे, रुंद तोंड, पोटावर टेकलेले हात. अमेरिकेने त्या उचलल्या आणि बारमध्ये नेऊन उभ्या केल्या. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' आणि ओकलंडमध्ये 'ट्रेडर व्हिक' यांनी सुरुवात केली, महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले सैनिक आठवणी घेऊन परतले, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, आणि कॅलिफोर्नियात परसापरसात टिकी उगवले. व्हिटियर गावात 'ओशॅनिक आर्ट्स' नावाचं दुकान १९५६ पासून २०२१ पर्यंत याच कामावर चाललं. दक्षिण कॅलिफोर्नियात हा छंद म्हणूनच मुबलक सापडतो. शिवाय ओंडके फुकट.

आई एकदा दापोलीहून व्हिडिओ कॉलवर ओंडका बघून म्हणाली, "अगं, माडाच्या खोडाचं कुणी काही कोरतं का? त्याचा साकव घालतात, नाहीतर पन्हळ करतात." लाकडाबद्दल तिचं मत अगदी बरोबर आहे. सागा-शिसवीच्या खोडात वर्षाची वर्तुळं असतात, पामला ती नसतात. झाड म्हणून तो गवताच्या जवळचा. आत मऊ गर आणि त्या गरातून उभे जाणारे कडक तंतू. बाहेरच्या बाजूला तंतू दाटीने असतात म्हणून तिथे लाकूड दणकट. मध्याकडे ते विरळ होत जातात, आणि तिथे पटाशी घालणं म्हणजे पावसात भिजलेली केरसुणी कोरण्यासारखं आहे. वर या तंतूंच्या कडेकडेने सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. वाळू ज्याची बनते तोच पदार्थ. पोलादाची धार खातात ते हेच कण.

माझ्या कोपराची सगळी कहाणी या धारेपासून सुरू होते.

कोरायला गोल पटाश्या लागतात. त्यांना नंबर असतो. ३ नंबरची जवळजवळ सपाट, ११ ची थेट नाली. टिकीसारख्या बोजड कामाला मोठं कपाट भरून पटाश्या लागत नाहीत. ५ नंबरची रुंद, ७ ची मध्यम, ९ ची खोल आणि एक व्ही आकाराची, एवढ्यावर चेहरा निघतो. हत्यारं विकणारे बारा नगांचा लाकडी पेटीतला संच दाखवतात तो घेऊ नये. त्यातल्या आठांना गंज चढतो आणि उरलेल्या चारांचं पोलाद पामपुढे टिकत नाही. त्याच पैशात चांगल्या स्विस किंवा जर्मन बनावटीच्या दोन पटाश्या येतात.

ठोकायला मोगरी गोल डोक्याची हवी. चौकोनी मोगरीचा सपाट भाग दर ठोक्याला नीट बसतोय का हे बघावं लागतं, गोल मोगरी कशीही पडली तरी चालते. नजर पटाशीच्या टोकावर ठेवता येते. वजनाबद्दल मात्र दोन मतं आहेत. इथले जुने कोरणारे किलोभराची मोगरी वापरतात, "वजनालाच काम करू दे" म्हणतात. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. मी साडेचारशे ग्रॅमवर आहे आणि तिथेच राहणार. जड मोगरी उचलताना मनगट मागे वळवून धरावं लागतं, आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे ते स्नायू चिकटतात तिथेच चमक निघते. टेनिस न खेळता टेनिस एल्बो. चहाचा कप उचलताना, दाराची मूठ फिरवताना, पोळीचा डबा उघडताना. आणि सोमवारी हाच हात दिवसभर माउसवर.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पट्टा दिला, एक किलोचं डंबेल धरून मनगट सावकाश, अगदी सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला. दोन्हींचा उपयोग झाला. पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दगडाचा.

बोथट पटाशी जोर मागते, धारदार पटाशी मागत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी माणूस 'एवढा गाल संपू दे, मग धार लावू' म्हणतो आणि कोपर खर्ची घालतो. मी आता गाल अर्धा सोडून उठते. हजार ग्रिटचा, म्हणजे बारीक कणांचा, पाण्याचा दगड ओला करायचा, पटाशीचा उतार त्यावर टेकवायचा आणि मनगट गोल फिरवत पुढे न्यायचं, म्हणजे गोलाईचा एक कोपरा दगडाला लागतो तिथून सुरू करून दुसरा कोपरा लागेपर्यंत. चार-पाच फेऱ्यांनी आतल्या बाजूला अंगठा आडवा फिरवून बघायचा. तिथे बारीक खरखर लागते. पोलाद वळून पलीकडे आल्याची ती खूण. ती खरखर काठोकाठ सारखी लागली पाहिजे. मध्येच तुटली तर तिथे धार नाही. मग आतून गोल सहाणेने ती काढायची आणि शेवटी हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्यावर पटाशी मागे ओढायची. पुढे ढकलली की चामडं कापलं जातं. परीक्षा पामच्याच आडव्या कापावर घ्यायची: तंतू कापले गेले तर तिथे बारीक काळे ठिपके स्वच्छ दिसतात, उपटले गेले तर भोकं दिसतात आणि कडेला पांढरा गर चुरगळतो. मला धार लावायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं बसून जातात, मान वर होते, बोटांची मूठ सुटते. कोपराला बरं वाटतं त्यात या बसण्याचा वाटा किती आणि धारेचा किती, ते कोण जाणे.

कोपर धरला म्हणून हातात अँगल ग्राइंडर आला, म्हणजे फिरत्या तबकडीने लाकूड घासणारं हातातलं यंत्र. साडेचार इंची, मिनिटाला अकरा हजार फेरे, पुढे छत्तीस ग्रिटची पाकळ्यांची तबकडी. जे काम पटाशीला अख्खी दुपार लागतं ते ग्राइंडर अर्ध्या तासात उरकतो. कपाळ गोल करणं, गालांचे उतार, पोटाची ढेरी. साखळीच्या दातांची तबकडीही मिळते ग्राइंडरला लावायला. ती मी ठेवत नाही. ती लाकडात अडकली की अख्खं यंत्र उसळून अंगावर येतं, आणि पामचे तंतू अडकायला टपलेलेच असतात.

ग्राइंडरने कोपर शांत झालं आणि बोटं बोलायला लागली. काम संपवून हात धुताना करंगळी सोडून बाकी बोटांना मुंग्या. रात्री झोपेत हात बधिर, झटकून जागा करावा लागे. नस मनगटात दाबली जाते तो एक प्रकार आणि कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या, नसा बिघडतात तो दुसरा. दोन्ही एकत्रही येतात. हा दुसरा प्रकार फार जुना आहे. १९१८ साली कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवर गेल्या होत्या. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या तिथल्या पाथरवटांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत. बाईंनी कारणं सांगितली ती आजही तीच आहेत: कंपन, घट्ट पकड आणि गारठा. पहिले काही महिने बोटं परत लाल होतात. वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर होत नाहीत.

ब्रिटनमध्ये २००५ पासून याचे नियम आहेत. हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय करायचे, ५ ही शेवटची हद्द. छंदाला मालक नसतो. पण मी हिशेबाची माणूस, तेव्हा गणित मांडलं. ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो, लोक ते पान वाचत नाहीत एवढंच. कंपन दुप्पट झालं की वेळ चौपटीने कमी होतो. पुस्तिकेत ७ लिहिलं असेल तर २.५ चा दिवसाचा कोटा तासाभरात संपतो. तो आकडाही नव्या तबकडीचा, चांगल्या बेअरिंगचा. झिजलेली, एका बाजूने खाल्लेली तबकडी लावली तर कोटा कधी संपला कळणारही नाही. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये स्वयंपाकघरातलं टायमर आहे. तो वाजला की ग्राइंडर बंद, कपाळ कितीही वाकडं राहिलेलं असो. कंपनरोधक म्हणून मिळणाऱ्या हातमोज्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ते काही कंपनं गाळतात, बाकीची तशीच येतात, आणि जाड मोज्यामुळे मूठ आणखी घट्ट आवळली जाते. हात गरम ठेवायला मात्र ते बरे.

आणि हो, ग्राइंडर सुरू करण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, ओढणी सगळं काढून डब्यात. हा डबा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. एकदा नणंद आली होती, तिने तो बघून "हे काय गं, देवाला वाहिलंयस?" विचारलं होतं.

आवाजाचंही तसंच गणित आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला १५ मिनिटं. लाकडावर टेकलेला ग्राइंडर त्याच्या आसपास असतो, पेट्रोलवरची साखळी करवत त्याच्याही वर. मी बॅटरीची करवत घेतली ती शेजाऱ्यांच्या शांततेसाठी असं सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे दोरी ओढून करवत सुरू करायला जो झटका द्यावा लागतो तो माझ्या खांद्याला नको होता. कानात बोळे आणि वर कान झाकणारे इअरमफ, दोन्ही.

करवतीने फक्त ढोबळ काम करायचं: डोकं-मान-धड यांच्या खाचा, हनुवटीखालचा मोठा तुकडा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, करवत तिथूनच उलटी उसळते. बाकी करवतीचं दुखणं कमरेत. आडव्या ओंडक्यावर वाकून काम केलं की दुसऱ्या दिवशी मोजे घालताना कळतं. उंची वाढवणं हाच इलाज. ओंडका सुतारी घोड्यांवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या स्टँडवर, इतका वर घेतला की काम कोपराच्या पातळीला येतं, आणि चेहऱ्याच्या बारीक कामाला तो जुन्या टायरमध्ये उभा केला. टायरमुळे तो घसरत नाही आणि गुडघ्याने ढकलून फिरवता येतो. उचलायचा म्हणून नाहीच. गडगडवायचा, तरफेने उचकटायचा, ढकलगाडीला पट्ट्याने बांधायचा.

चेहऱ्यातलं मला सगळ्यात आवडतं ते तोंड. खडूने ओठांची रेघ मारायची, व्ही पटाशीने तिच्यावरून जायचं, मग ९ नंबरने दातांच्या आतली पोकळी. इथे आपण दणकट कवचातून मऊ गरात शिरतो आणि हाताला ते ठोक्याच्या आवाजाआधी कळतं: पटाशी अचानक सैल पडते. तिथे मोगरी ठेवून द्यायची. फक्त तळहाताने ढकलत, तंतूंना आडवं छेद देत जायचं. ढिलाईने ओढलं तर एक तंतू सुटतो आणि आपल्यामागे वीतभर गर घेऊन येतो. दाताचा तुकडा गेलाच. काहीजण तिथे पातळ गोंद मुरवून लाकूड कडक करतात. मी दात जाडे ठेवते. पॉलिनेशियातल्या मार्केसस बेटांच्या धाटणीत तसेही दात वेगळे दाखवायची फार हौस नसते.

ढलप्या ओल्या पडतात, पण भुसा सुकला की उडतो. लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच तसं जाहीर केलं. नाकातोंडावर मास्क त्यासाठी, आणि ओंडक्यावर आठवड्याभरात चढणाऱ्या काळ्या बुरशीसाठीही. ओला ओंडका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा लागतो, नाहीतर इथल्या कोरड्या सांता आना वाऱ्यात तो तडकतो. आणि गुंडाळला की आतला रस आंबतो. गॅरेजमध्ये माडीचा वास सुटतो. अमेरिकन मंडळी नाक मुरडतात, मला त्या वासाचं काही वाटत नाही.

कुसळं मात्र रोजचीच. पामचं कुसळ आत शिरून मोडतं. चिमटा आणि भिंग बेसिनजवळच असतं. कॅनरी आयलंड डेट पाम या जातीचे ओंडके तर मी घेतच नाही, सध्या ते ढिगाने मिळत असले तरी. २०११ पासून सॅन डिएगोत दक्षिण अमेरिकन पाम भुंगा आलाय आणि तो याच झाडाचा शेंडा खाऊन त्याला मारतो. आपल्याकडे माडाला लागणारा सोंड्या भुंगा त्याचा सख्खा भाऊबंद. आईला हे सांगितलं तेव्हा तिला या गावाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. पण त्या झाडाच्या झावळ्यांच्या बुडाशी बोटाएवढे काटे असतात. एखाद्याचं टोक सांध्यात मोडलं तर जखम भरून येते आणि काही आठवड्यांनी सांधा सुजतो, एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका कोरणाऱ्याची तर्जनी अशीच उघडून साफ करावी लागली.

हवाईच्या मोठ्या बेटावर होनौनौला समुद्रकाठी मूर्ती उभ्या आहेत, नव्याने घडवलेल्या. जुन्या बहुतेक १८१९ मध्ये राजा दुसरा कामेहामेहा याने जुना धर्म मोडीत काढला तेव्हा जाळल्या-फोडल्या गेल्या. त्या कशाने घडवत तर दगडी वाकसाने. मौना केआ डोंगरावर जवळजवळ बारा हजार फुटांवर त्या दगडाची खाण होती. बसाल्टच, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, फक्त तिथला बर्फाखाली थिजून बारीक पोताचा झालेला. लाकडी दांड्याला हा दगड काथ्याच्या दोरीने आवळून बांधायचा. काथ्या! मी तिथे उभी राहून माझ्या कोपराचा विचार करत होते. वाकसाचा ठोका पडतो तेव्हा काथ्या थोडा दबतो आणि धक्का खातो. पोलादी पटाशीच्या, अॅश नावाच्या झाडाच्या लाकडी मुठीत ती सोय नाही. घरी येऊन मी मुठींवर काथ्याची दोरी गुंडाळून बघितली. धक्क्याचा फरक सांगता येणार नाही, पण मूठ जाड झाली आणि बोटं कमी आवळावी लागतात, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

तिथून आल्यापासून मी कू कोरत नाही. तो तिथल्या लोकांचा युद्धदेव, आजही त्याला मानणारे आहेत. खंडोबाचं तोंड कुणी बिअरच्या मगावर छापलं तर आपण काय म्हणू, तेवढा विचार पुरे झाला. माझे टिकी माझ्या मनचे असतात. एकाला चुलतकाकांचं नाक आहे.

शेवटचं काम जाळण्याचं. गॅसच्या बर्नरने वरचा थर काळा करायचा, तारेच्या ब्रशने खरवडायचा, तंतूंच्या रेघा उठून दिसतात. पामच्या गरात ठिणगी आत धुमसत राहते, तेव्हा पाण्याचा पाइप हाताशी आणि तासभर तिथून हलायचं नाही. मग जवसाचं तेल. तेलाची चिंधी चुरगळून टाकली तर ती आपोआप पेटू शकते. ती पाण्याच्या डब्यात.

सध्या शेजारच्या गृहस्थांना सहा फुटी टिकी हवाय, तरणतलावाच्या काठाला. मी अटी घातल्यात. ओंडका त्यांनी आणायचा आणि त्यांच्या दोन मुलांनी माझ्या घोड्यांवर चढवायचा. करवतीचं काम त्यांनी करायचं, मी खडूने खुणा करून देईन. ग्राइंडर टायमरप्रमाणे. पैसे नकोत, पण मला एक चांगली रुंद पटाशी हवी. सगळं कबूल झालं, फक्त त्यांना तो ४ जुलैच्या पार्टीला हवाय. मी म्हटलं गणपतीत देते. गणपती कधी असतात म्हणून त्यांनी विचारलं, तर सांगितलं, दरवर्षी तारीख बदलते.